दिव्याखालचे रंग किती खरे?

घरासाठी दिवा घेताना ग्राहक सहसा दोनच प्रश्न विचारतो : किती वॅटचा आणि कितीला? फार तर ‘पिवळा की पांढरा’ एवढी तिसरी चौकशी होते. त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग जसे आहेत तसे दिसतील का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दिवा पांढराशुभ्र आणि भरपूर उजेड देणारा असला म्हणजे त्याखाली रंगही खरे दिसणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे. उजेड किती, उजेडाची छटा कोणती आणि त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी एक चांगली असली म्हणून उरलेल्या दोन चांगल्या असतीलच असे नाही.

परभणी जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील शेतमालाची पारख बऱ्याच अंशी रंगावरून होते. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, आणि पारा ४२ अंशांपुढे गेला की बस्त्याची खरेदी दिवस मावळल्यावर, म्हणजे दिव्यांच्या उजेडातच उरकावी लागते. तान्ह्या बाळाची कावीळही प्रथम लक्षात येते ती कातडीच्या रंगावरूनच. त्यामुळे दिव्याची निवड हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही.

रंग दिसतो कसा?

कोणत्याही वस्तूचा रंग सर्वस्वी त्या वस्तूत नसतो. वस्तूवर प्रकाश पडतो, त्यातील काही तरंगलांबीचा प्रकाश ती शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. परत आलेला हा प्रकाश डोळ्यांत शिरला की रंगाची जाणीव होते. डाळिंबी साडी डाळिंबी दिसते, कारण ती मुख्यतः तांबडा प्रकाश परत पाठवते. परंतु दिव्याच्या प्रकाशात मुळातच तांबडा भाग कमी असेल, तर साडी परत तरी काय पाठवणार? अशा दिव्याखाली ती तपकिरी, मळकट किंवा निस्तेज दिसते. दोष साडीचा नसतो, दिव्याचा असतो.

सूर्यप्रकाशात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंग सलगपणे असतात. तंगस्तनाची तार तापवून उजेड देणाऱ्या जुन्या बल्बचा वर्णपटही सलग होता. मात्र त्यात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा असे. जुन्या जाड ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून निघणारी अतिनील किरणे काचेच्या आतील लेपावर पडून उजेड निर्माण होई. तिच्या वर्णपटात काही रंगांचे उंच सुळके आणि मध्ये खोल दऱ्या असत. तिच्या उजेडात माणसांचे चेहरे फिके दिसत, ते यामुळेच.

आजचा पांढरा एलईडी दिवा मुळात निळा असतो. निळा एलईडी विकसित केल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या निळ्या प्रकाशस्रोतावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो. काही निळा प्रकाश लेपातून तसाच बाहेर पडतो, काहीचे पिवळ्यात रूपांतर होते आणि दोन्हींचे मिश्रण डोळ्यांना पांढरे भासते. निळा आणि पिवळा मिळून पांढरे दिसू शकते, पण त्या पांढऱ्यात गडद तांबडा फारसा नसतो. स्वस्त एलईडीची उणीव नेमकी येथेच आहे. लेपात तांबडा प्रकाश देणारे घटक मिसळून ती भरून काढता येते; मात्र त्यामुळे किंमत वाढते आणि त्याच विजेत मिळणारा उजेड काहीसा घटतो.

मोजमाप आणि कापसाचे नाते

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणाऱ्या आकड्याला ‘कलर रेंडरिंग इंडेक्स’ म्हणतात. मराठीत त्यास रंगदर्शन निर्देशांक म्हणता येईल. दिव्याच्या खोक्यावर तो ‘सीआरआय’ किंवा ‘आरए’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि १९७४ मध्ये तीत सुधारणा केली. ठरावीक आठ सौम्य रंगांचे नमुने आधी एका आदर्श प्रकाशात आणि मग तपासावयाच्या दिव्याच्या प्रकाशात कसे दिसतील याचे गणित मांडले जाते. दोन्हींतील फरकाची सरासरी काढून १०० मधून त्या प्रमाणात गुण वजा होतात. फरक शून्य असेल तर १०० गुण. त्या काळातील पिवळसर छटेच्या साध्या ट्यूबलाइटला सुमारे ५० गुण पडावेत, अशा बेताने ही मोजपट्टी आखण्यात आली होती.

कापूस पिकवणाऱ्या परभणीकरांना या मोजपट्टीचा पूर्वेतिहास जवळचा वाटावा. डोरोथी निकरसन या रंगशास्त्रज्ञ १९२७ पासून अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करीत होत्या आणि त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय कापसाचा रंग हा होता. एकाच गाठीतील रुई सकाळी एका प्रतीची आणि ढगाळ दुपारी दुसऱ्या प्रतीची ठरत असेल, तर शेतकरी आणि व्यापारी दोघांचेही नुकसान होते. म्हणून प्रतवारीच्या खोलीत दिवसाच्या उजेडासारखा आणि कधीही न बदलणारा प्रकाश कसा आणावा, याचा अभ्यास त्यांनी केला. दिव्यांच्या रंगदर्शनाची आंतरराष्ट्रीय पद्धत घडवण्यातही त्यांचा वाटा होता आणि १९६५ मध्ये चार्ल्स जेरोम यांच्यासह त्यांनी त्या पद्धतीचे विवेचन करणारा लेख लिहिला. अशा रीतीने आज बल्बच्या खोक्यावर दिसणाऱ्या आकड्यामागील एक धागा कापसाच्या प्रतवारीपर्यंत जाऊन पोहोचतो.

निरनिराळ्या दिव्यांचे गुण साधारणतः असे असतात : तारेचा जुना बल्ब १०० च्या जवळ, चांगल्या प्रतीची बारीक ट्यूब ८० ते ८५, जुनी जाड ट्यूब ५० ते ७५, रस्त्यांवर पूर्वी सर्रास दिसणारा नारिंगी सोडियम दिवा २० ते २५. घरगुती वापराच्या बऱ्या एलईडी दिव्यांचा निर्देशांक ८० च्या आसपास असतो, तर रंगांच्या कामासाठी मुद्दाम बनवलेल्या दिव्यांचा ९० किंवा त्याहून अधिक.

आकड्याच्या मर्यादा

हा आकडा उपयुक्त असला तरी तो सरासरीचा आकडा आहे. परीक्षेत सात विषयांत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी आठव्यात कच्चा असला तरी सरासरीत ते झाकून जाते, तसेच येथे घडते. शिवाय सरासरीसाठी घेतलेल्या आठ नमुन्यांत एकही गडद तांबडा नाही. गडद तांबड्याचा नमुना नववा असून तो ‘आर-९’ या नावाने स्वतंत्रपणे मोजला जातो. निर्देशांक ८० असलेल्या एलईडी दिव्याचा आर-९ अनेकदा शून्याच्या आसपास, क्वचित शून्याखालीही असतो. कुंकू, टोमॅटो, लाल मिरची, डाळिंब, माणसाच्या कातडीतील रक्ताची लाली हे सारे याच रंगाच्या आधाराने दिसते. म्हणून जेथे तांबडा महत्त्वाचा, तेथे निर्देशांक ९० आणि आर-९ किमान ५० असा दुहेरी निकष लावणे योग्य ठरते.

दुसरी मर्यादा तुलनेच्या आधाराची आहे. पिवळसर दिव्याची तुलना तशाच पिवळसर आदर्श प्रकाशाशी केली जाते, दिवसाच्या उजेडाशी नव्हे. त्यामुळे तारेच्या बल्बला पूर्ण गुण मिळत असले तरी त्याखाली गडद निळा आणि काळा दोरा वेगळा ओळखता येईलच असे नाही. या उणिवा लक्षात घेऊन २०१५ मध्ये अमेरिकेतील प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने ९९ नमुन्यांवर आधारलेली ‘टीएम-३०’ ही नवी पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय आयोगानेही २०१७ मध्ये त्या धर्तीवर वेगळा निर्देशांक प्रसिद्ध केला. तरीही घरगुती दिव्यांच्या खोक्यांवर प्रामुख्याने जुनाच आकडा आढळतो.

छटा वेगळी, खरेपणा वेगळा

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘केल्विन’ या एककामुळे. खोक्यावरील २७००, ४००० किंवा ६५०० केल्विन हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मध्यम पांढरा आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. ६५०० च्या दिव्याला ‘कूल डेलाइट’ म्हणून विकले जाते आणि उन्हाळ्याने हैराण होणाऱ्या मराठवाड्यात हा ‘थंड’ उजेड लोकांना आवडतोही. परंतु ‘डेलाइट’ हा शब्द केवळ छटेपुरता आहे. त्या प्रकाशात दिवसाच्या उजेडातील सर्व रंग आहेत, अशी हमी त्यातून मिळत नाही. ६५०० केल्विनचा एक दिवा ७० निर्देशांकाचा असू शकतो आणि दुसरा ९५ चा. नुसते पाहून दोन्ही सारखेच पांढरे वाटतील. फरक कळेल तो त्यांच्याखाली रंगीत वस्तू ठेवल्यावरच.

बस्ता, मोंढा आणि बाळंतिणीची खोली

कापड दुकानात याचा अनुभव पुष्कळांना येतो. राणी रंगाच्या साडीला दुकानाच्या झगमगाटात अगदी जुळलेले ब्लाऊजपीस दुसऱ्या दिवशी अंगणात वेगळेच दिसते. दोन कापडांना वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असेल, तर ती एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसू शकतात. अंजिरी, वांगी, मोरपंखी, चिंतामणी अशा मिश्र छटांत हा धोका अधिक. जुने व्यापारी ‘दारात नेऊन बघा’ असे सांगत, त्यात शास्त्र होते. संध्याकाळी बस्ता बांधताना हा मार्ग उरत नाही. अशा वेळी आहेराच्या साड्या दिव्याखाली पसंत केल्या तरी जुळवणीची खरेदी दिवसावर ठेवणे, किंवा बदलून देण्याची बोली आधीच करून घेणे शहाणपणाचे. दुकानदारांनीही संपूर्ण दुकान बदलण्याची गरज नाही. साडी उलगडून दाखवण्याच्या गादीवर आणि आरशापुढे उच्च निर्देशांकाचे दोन दिवे लावले तरी ग्राहकांच्या तक्रारी कमी होऊ शकतात. शिलाईकाम करणाऱ्यांना दोऱ्याचा रंग निवडताना असाच एक दिवा उपयोगी पडतो.

शेतमालाची गोष्ट अधिक गंभीर आहे. परभणी, मानवत, सेलू येथील बाजारांत येणाऱ्या कापसाची किंमत धाग्याची लांबी, तलमपणा आणि ओलावा यांच्याबरोबर रंगावरही अवलंबून असते. पावसात भिजलेला कापूस करडा किंवा पिवळट पडतो, तर बोंडअळीने डागाळलेली कवडी पिवळी-तपकिरी दिसते. कापसाच्या तपासणीसाठी आता यंत्रे आहेत. ती स्वतःच्या ठरावीक प्रकाशात रुईचा उजळपणा आणि पिवळेपणा असे दोन आकडे देतात. मात्र घरी रात्री कवडी वेचून बाजूला काढणाऱ्या कुटुंबाजवळ फक्त डोळे आणि दिवा असतो. पिवळसर दिव्याखाली पिवळट डाग पांढऱ्यात मिसळून जातात आणि ते दिसतात दुसऱ्या दिवशी, व्यापाऱ्यासमोर. खरीप ज्वारीवर पावसामुळे चढणारी काळसर बुरशीची छटा किंवा टपोऱ्या मोतिया दाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘परभणी मोती’ वाणाचा तजेला पारखतानाही हेच लागू पडते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. तिचा पिवळेपणा पिवळ्या दिव्याखाली तपासणे म्हणजे पारख सोडून देणेच होय. अशा कामांसाठी ५००० ते ६५०० केल्विन छटेचा, ९० वरील निर्देशांकाचा दिवा घ्यावा. निवड दिवसा करता आली तर त्याहून उत्तम.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर चूक महागात पडू शकते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बऱ्याच बाळांना सौम्य कावीळ होते आणि ती बहुधा आपोआप ओसरते. परंतु काही बाळांत रक्तातील बिलिरुबिन वाढत जाऊन मेंदूला आणि श्रवणशक्तीला कायमची इजा होण्याचा धोका असतो. बाळ-बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची प्रथा, तेथे मिणमिणणारा पिवळा दिवा, पिवळे दुपटे आणि अंगाला लावलेली हळद यांमुळे कातडीचा पिवळेपणा घरच्यांच्या लक्षातच येत नाही. बाळाला रोज दिवसा खिडकीच्या उजेडात आणून कपाळावर आणि छातीवर बोट हलके दाबून सोडावे व तेथील रंग पाहावा. पिवळेपणा जाणवला, बाळ सुस्त वाटले किंवा दूध ओढत नसेल, तर घरी अंदाज बांधत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. खरे निदान रक्ततपासणीनेच होते. उपचारासाठी रुग्णालयात वापरला जाणारा निळा प्रकाश ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याखालीही कातडीच्या रंगाचा अंदाज करता येत नाही.

खोक्यावर काय वाचावे?

केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्याद्वारे देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले आणि खेडोपाडी तारेचे बल्ब मागे पडले. विजेची मोठी बचत झाली. मात्र बल्ब घेताना फक्त वॅट पाहण्याची जुनी सवय कायम राहिली. वॅट म्हणजे खर्च होणारी वीज. उजेड मोजला जातो ल्युमेनमध्ये. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे दर वॅटमागे किती उजेड मिळतो हे सांगतात, रंगांच्या खरेपणाविषयी नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक सुरक्षिततेच्या दृष्टीने अवश्य पाहावा, पण तोही रंगांची ग्वाही देत नाही. त्यासाठी सीआरआयचाच आकडा शोधावा. तो छापलेलाच नसेल तर दिवा रंगांच्या बाबतीत उजवा असल्याचे गृहीत धरू नये.

ट्यूबवरील तीन अंकी सांकेतिक क्रमांकही बोलका असतो. ‘८६५’ यातील पहिला ८ म्हणजे निर्देशांक ऐंशीच्या घरात आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन. ‘७६५’ असेल तर छटा तीच, पण रंग कमी खरे. ‘९४०’ म्हणजे निर्देशांक नव्वदीचा आणि छटा ४००० केल्विनची.

घरच्या घरी परीक्षा

दुकानातून दोन प्रकारचे दिवे आणल्यास त्यांची तुलना सहज करता येते. कुंकू, हळद, हिरवी मिरची, टोमॅटो, गडद निळा व काळा दोरा एका पांढऱ्या कागदावर ठेवावेत. प्रथम ते दिवसा खिडकीजवळ नीट पाहावेत. मग रात्री इतर दिवे बंद करून एकेका दिव्याखाली पाच मिनिटे डोळे स्थिरावू द्यावेत आणि त्याच वस्तू पाहाव्यात. कुंकू विटकरी दिसू लागले, टोमॅटो निस्तेज वाटला किंवा तळहाताची लाली हरवली, तर त्या दिव्यात तांबडा कमी आहे. निळा व काळा दोरा वेगळे कळत नसतील, तर निळा भाग किंवा एकूण उजेडच अपुरा आहे. मोबाइलच्या छायाचित्रावर विसंबू नये, कारण कॅमेरा रंग आपोआप दुरुस्त करून घेतो.

खिडकीही डोळसपणे निवडावी. उत्तरेकडील खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून तेथील उजेड स्थिर असतो आणि रंगपारखीसाठी तो उत्तम मानला जातो. परभणी मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९ अंश १६ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारीही येथे सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. या काळात उत्तरेच्या खिडकीतही ऊन येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

भिंतींचाही विचार हवा. हिरव्या किंवा गडद गुलाबी भिंतींवरून परतणारा प्रकाश तोच रंग घेऊन येतो आणि महागातला दिवाही फुकट जातो. आरशाजवळची आणि कामाच्या जागेची भिंत पांढरी किंवा फिकट असावी. उजेडही पुरेसा हवा. मंद प्रकाशात डोळ्यांची रंग ओळखण्याची क्षमताच कमी होते.

सर्व घरात महाग दिवे लावण्याचे कारण नाही. जिना, न्हाणीघर, ओसरी, गोठा येथे ८० चा, किंबहुना त्याहून कमी निर्देशांकाचा दिवाही चालतो. स्वयंपाकाचा ओटा, आरसा, शिलाई यंत्र, धान्य-कापूस निवडण्याची जागा आणि आजारी माणसाची किंवा बाळंतिणीची खोली, एवढ्या चार-पाच ठिकाणी मात्र ९० वरील दिवा घ्यावा. त्यासाठी प्रत्येक दिव्यामागे मोजावे लागणारे थोडे अधिक पैसे फसलेल्या एका खरेदीच्या किंवा कवडीमुळे पडलेल्या भावाच्या तुलनेत किरकोळच ठरतात.